सिस्टिम फाइल्समधील फेरफार ओळखण्यासाठी एआयडीई घ्यावे की वाझू?

लिनक्स सर्व्हरवर कोणी शिरकाव करून एखादी सिस्टिम फाइल बदलली, तर ते ओळखण्याचा मूळ मार्ग १९९२ साली पर्ड्यू विद्यापीठात तयार झालेल्या ट्रिपवायर या साधनापासून तोच आहे: सर्व्हर स्वच्छ असताना फाइल्सचे हॅश (मजकूर बदलताच बदलणारा, त्यावरून काढलेला ठसा) नोंदवून ठेवायचे आणि पुढे त्यांच्याशी पडताळणी करायची. त्यामुळे एआयडीई आणि वाझू या फेरफार ओळखणाऱ्या साधनांतून निवड करताना मी आधी एवढेच पाहतो, की ही मूळ नोंद कुठे राहते आणि रूट अधिकार (सर्व्हरवरील सर्वोच्च अधिकार) मिळवलेल्याला ती बदलता येते का.

आरपीएमची पडताळणी किंवा डेबसम्स (लिनक्सच्या पॅकेजमधून बसवलेल्या फाइल्स तपासणारी साधने) हे पर्याय पटकन वापरता येतात. परंतु त्यांची नोंद त्याच सर्व्हरवर असते आणि पॅकेजबाहेरची नवी फाइल त्यांना दिसतच नाही.

एआयडीई हॅशबरोबरच मालकी, परवानग्या व आयनोडही (डिस्कवरील फाइलचा नोंद क्रमांक) तपासते आणि निवडलेल्या डिरेक्टरीत आलेली नवी फाइलही दाखवते. मात्र तिचा डेटाबेस सर्व्हरवरच ठेवला, तर रूट मिळवलेला हल्लेखोर तो नव्याने तयार करून आपला माग झाकू शकतो. म्हणून त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवणे मी अनिवार्य मानतो. शिवाय एआयडीई क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) चालवली तेव्हाच तपासते, मधल्या काळात नाही.

ओसेक या सुरक्षा प्रणालीपासून २०१५ मध्ये वेगळ्या झालेल्या वाझूमध्ये एजंट (प्रत्येक सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) बदलांची माहिती मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतो, त्यामुळे एजंट बंद पाडला तरी आधी पोहोचलेला इशारा पुसता येत नाही. मूळ सेटिंगमध्ये तपासणी दर १२ तासांनी होते. रिअल-टाइम पर्याय सुरू केल्यास बदल लगेच कळतो आणि ऑडिट या लिनक्समधील नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने तो कोणत्या युजरने, कोणत्या प्रोसेसने केला हेही कळते. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर आणि त्यावर नियमित लक्ष ठेवणारी व्यक्ती लागते.

दोन-तीन सर्व्हर असतील तर मी एआयडीईच सुचवेन आणि दहाच्या पुढे गेल्यास वाझू. कर्नल रूटकिटची (सिस्टिमच्या गाभ्यातच लपून खोटी माहिती दाखवणाऱ्या घातक प्रोग्रामची) शंका असेल तेव्हा मात्र चालू सिस्टिमवरील कोणत्याही अहवालावर न विसंबता विश्वासू लाइव्ह यूएसबीवरून बूट करून पडताळणी करावी. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी प्रत्येक अपडेटपूर्वी एक तपासणी करावी आणि एआयडीईमध्ये अपडेटनंतर लगेच मूळ नोंद नवी करावी, अन्यथा शेकडो अपेक्षित बदलांच्या गर्दीत खरा फेरफार नजरेतून सुटतो.