गिटारची कड: बांबू, बाभूळ, शिंग की करवंटी?

गिटारच्या पुढच्या-मागच्या फळीच्या कडेने फिरणारी बारीक पट्टी, म्हणजे बाइंडिंग, नुसती शोभेची नसते. फळीची उघडी कड तिने झाकली जाते. ओल शिरते ती याच कडेतून, आणि ठोकर लागून कपचा उडतो तोही इथलाच. वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा दुपारची हवा याहून कितीतरी कोरडी असते. त्यामुळे प्लॅस्टिक सोडून नैसर्गिक काही लावायचं ठरवलं असेल, तर रंगाआधी उन्हाळ्याचा विचार करा.

माझा कौल बांबूला. त्याचे धागे सरळ लांबीने धावतात आणि लांबीत तो जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे पट्टी कंबरेच्या वळणावर सुटून येत नाही. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या नेमक्या तिथेच सुटतात, कारण वर्षं जातील तसं सेल्युलॉइड आखडतं. बुरुडाकडून वाळलेल्या, जून बांबूच्या कामट्या घ्या आणि सालीजवळचा घट्ट भागच वापरा; आतला मऊ भाग रंध्याने काढून टाका. अडचण गाठीची आहे. गिटारची एक बाजू साधारण ८० सेंटीमीटर भरते, कांडं बहुधा त्याच्या निम्म्यानेही नसतं, आणि वाकवताना पट्टी गाठीवर तडकते. म्हणून गाठ सपाट भागावर आणावी किंवा तिरका सांधा द्यावा. दुसरा शत्रू भुंगा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात कामट्या आधीच भिजवून पूर्ण वाळवल्या, तर तो लागत नाही.

बाभूळ आपल्या भागात हाताशी आहे. बैलगाडीच्या चाकांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं हे लाकूड कठीण आणि चिवट, आणि त्याच्या गाभ्याचा तांबूस तपकिरी रंग फिक्या पुढच्या फळीशेजारी फार देखणा दिसतो. मात्र सरळ रेषांची, मुरलेली फळी शोधावी लागते. दोन मिलिमीटर जाडीचे दोन-तीन तुकडे तापत्या नळीवर वाकवून पाहिल्याशिवाय पूर्ण पट्टी कापू नका. सुतारकामाचा हात असेल, तर बांबूऐवजी खुशाल बाभूळ घ्या.

म्हशीच्या शिंगाचं काळं पॉलिश प्लॅस्टिकला कधीच येणार नाही. शिंग उष्णतेने मऊ होतं, दाबून सपाटही करता येतं. पण लांब पट्टी मिळत नाही, पॉलिश पेपर फिरवताना जळक्या केसांचा वास येतो (मास्क लावाच), आणि हवेप्रमाणे तेही फुगतं-आकसतं. म्हणून शिंग फ्रेटबोर्डच्या (तारा बोटांनी दाबतो त्या पट्टीच्या) सरळ कडेला आणि हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) ठेवावं, अंगाभोवती नको. हाडाचंही तेच, उलट ते वाकतच नाही. सांबरशिंग कुणी देऊ केलं तरी घेऊ नका; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या व्यापाराला बंदी आहे. आणि घरात शिंग-हाड चालणारच नसेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

करवंटी घासली की तिची चकाकी बघत राहावी अशी. पण ती मुळात गोलाकार आणि ठिसूळ, लांब पट्टी तिच्यातून निघत नाही. साउंडहोलभोवतीच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या गोल भोकाभोवतीच्या, नक्षीत छोटे तुकडे बसवायला तिच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही.

पंढरपूरकडचे भोपळे मिरजेला तंबोऱ्यासाठी जातात, तेव्हा तोच भोपळा इथेही वापरावा असं मनात येणं साहजिक आहे. तंबोऱ्यात तो अख्खा, आपल्याच गोलाईत बसतो. त्याची पातळ पट्टी काढली तर ती कडेवर ठोकर सोसणार नाही.

पट्टी कोणतीही असो, चिकटवण्याआधी गिटारच्याच खोलीत निदान पंधरवडा राहू द्या. काम शक्यतो दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात ओल पिऊन रुंदावलेली पट्टी खाचेत चपखल बसते, आणि मे महिन्यात तिच्या कडेला फट पडते.