तिबेरियसच्या रोमी नाण्याची प्रतिकृती: नाणं घ्या, माहितीपत्रकावर विसंबू नका

वेरूळच्या वाटेवरच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात रोमी सम्राट तिबेरियसच्या दिनारियस या नाण्याची प्रतिकृती मिळते. सुटी घेतली तर साडेतीनशेच्या आत, कडी लावलेलं लॉकेट त्याहून थोडं महाग. ठसा चांगला उतरलाय.

मूळ नाणं चांदीचं, १८-१९ मिलिमीटर व्यासाचं आणि पावणेचार ग्रॅमच्या आसपासचं. प्रतिकृतीचा व्यास जुळतो, पण वजन अडीच ग्रॅमच भरतं, कारण जस्ताचा मिश्रधातू चांदीपेक्षा हलका. ती ओतीव आहे, त्यामुळे कडेला साच्याची बारीक रेघ दिसते. मुळातली नाणी ठोकून काढलेली असत, त्यांच्या कडेला अशी रेघ नसते, उलट तडे असतात. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट, दुसरीकडे राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री. ती सम्राटाची आई लिव्हिया असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

घेण्याआधी अक्षरं वाचा. लेख ‘टी-आय’ने सुरू व्हायला हवा. रोमी लेखनात नुसता ‘टी’ म्हणजे टायटस, ‘टी-आय’ म्हणजे तिबेरियस. काही नगांत ‘आय’ पुसट झालाय, तो नग परत ठेवा. त्यापुढे ‘सीझर’ आहे की ‘क्लॉड’ हेही बघा, कारण सम्राट क्लॉडियसचं पहिलं नावही तिबेरियसच होतं आणि त्याच्या नाण्यांवरही ‘टी-आय’ येतं. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ दिसला तर ती चूक नाही, तेव्हा तसंच कोरत.

खरी गडबड सोबतच्या माहितीपत्रकात आहे. तिबेरियस हे नाव रोमच्या तिबेरिस (टायबर) नदीवरून आलं, इथपर्यंत ठीक. रोमी इतिहासकार लिव्हीने दिलेल्या कथेत तिबेरिनस राजा अल्बुला नदीत बुडाला आणि नदीला त्याचं नाव पडलं. पण पुढे पत्रक सम्राटाला तिबेरियस ग्राकस या जुन्या रोमी लोकनेत्याचा वंशज ठरवतं. हे साफ चूक. ग्राकस सेम्प्रोनियस कुळातला, सम्राट जन्माने क्लॉडियस कुळातला आणि इ.स. ४ मध्ये आधीचा सम्राट ऑगस्टस याला दत्तक गेल्यावर ज्युलियस कुळातला. रोममध्ये पहिली नावं मोजकीच चालत, म्हणून तीच ती नावं वेगवेगळ्या घराण्यांत भेटतात. नातं कुळाच्या नावावरून शोधायचं.

ग्राकसबद्दल पत्रकात एक ओळही धड नाही, याचं वाईट वाटतं. इ.स.पू. १३३ मध्ये त्याने सार्वजनिक जमिनीवरच्या कब्ज्याला ५०० युगेरांची, म्हणजे साधारण ३०० एकरांची मर्यादा घातली आणि जादा जमीन गरिबांना वाटायला काढली. त्याच वर्षी त्याला ठार मारलं. सिलिंगच्या जमिनीचे वाद पाहिलेल्या आपल्या भागात हा माणूस माहीत असायलाच हवा.

जालना-संभाजीनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांना भेट म्हणून हे नाणं शोभतं. मराठी बायबलात लूकच्या तिसऱ्या अध्यायातला ‘तिबिर्य कैसर’ तो हाच (राज्यकाळ इ.स. १४ ते ३७), आणि ‘कैसराचे ते कैसराला’ या प्रसंगातलं नाणं परंपरेने हेच मानतात.

लॉकेटची कल्पना अस्सल आहे. रोमी नाण्यांच्या नकलेच्या, गळ्यात घालायच्या भाजक्या मातीच्या मुद्रा धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावीही सापडल्या आहेत. पण दुकानातली कडी कच्ची आहे आणि तिच्याखाली एक-दोन अक्षरं दबतात. सराफाकडे बदलायला नेली तर चांदीची झाळ लावता येत नाही, कारण झाळ वितळण्याआधी नाणंच वितळतं. सुटं नाणं घेऊन चांदीच्या कोंदणात बसवा. घामाने मुलामा लवकर उडतो, रोज घालायला हे नाही.

बिलावर ‘प्रतिकृती’ हा शब्द लिहून घ्या. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर कुणी अडवलं तर हे बिल दाखवता येईल.