वंशावळ शोधायची: आधी दप्तर की डीएनए?

वंशावळ काढायला बसलेल्या मुंबईकराने आधी ठरवावं, नेमकं हवंय काय. जातपडताळणीसाठी पुरावा हवा असेल तर डीएनएचा नाद सोडा. तिथे भर जुन्या नोंदींवर असतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या. थुंकीच्या नळीतून जात निघत नाही, आणि पणजोबांचं नाव तर नाहीच नाही.

नावं कागदातच सापडतात, पण ते कागद बहुधा मुंबईत नसतात. महापालिकेचा जन्मदाखला, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गिरणीतले कागद यांचा उपयोग गावाचं नाव पक्कं करण्यापुरता. पुढचा माल तहसील कचेरीत: कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. वारस फेरफार हाती लागला तर लॉटरीच. मयत खातेदारामागे मुलगे, विधवा, लग्न होऊन गेलेल्या मुली, कधी दोन बायकांची मुलं, सगळी एकाच नोंदीत. घरात ज्यांचा विषय कुणी काढत नाही तेही तिथे हजर असतात. काही जिल्ह्यांचे जुने कागद 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी तिथे बघा.

अडतं ते मोडीपाशी. आधी आडवी रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. आडनावही बऱ्याचदा नसतं. 'सखा बिन रामा' म्हणजे रामाचा मुलगा सखा, 'रखमा कोम सखा' म्हणजे सख्याची बायको. एका गावात असे चार सखा निघतात. मोडी वाचणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. ते द्यावेत, अंदाजाने वाचू नये.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी हा वेगळा रस्ता. गाव, आडनाव आणि जात सांगितली की कुणाच्या वहीत बघायचं ते कळतं. आपलं कुणी यात्रेला गेलंच नसेल तर मात्र वही कोरी. शिवाय या वह्यांत बापाकडची साखळी लांबलचक आणि आईचं माहेर गायब.

ही उणीव डीएनए थोडी भरून काढतो. मायटोकॉन्ड्रियल चाचणी आई-आजी-पणजी अशी रेघ धरते, वाय-गुणसूत्राची चाचणी बाप-आजोबांची. दोन्ही हजारो वर्षं मागे जातात, पण वाटेत एकाही माणसाचं नाव सांगत नाहीत. सर्वसाधारण ऑटोसोमल चाचणी, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेल्या बाकीच्या गुणसूत्रांची, जिवंत नातेवाईक जुळवून देते, तेही त्यांनी त्याच कंपनीत चाचणी केली असेल तर. आपल्याकडे करणारे थोडे. त्यात पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं, कुठे मामाची मुलगी केलेली, त्यामुळे परकी माणसंही दूरची भावंडं म्हणून पुढे येतात.

समाजाचा इतिहास शोधताना याच चाचण्या कामाच्या ठरतात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे मूळ सांगणारे जुने कागद नव्हते. २०१६ च्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश दाखवले. पण तो अभ्यास समाजाचा होता, एका घराचा नव्हे.

आणि हा डेटा जातो कुठे? ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीमधून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपली थुंकी म्हणजे भावाबहिणींचीही निम्मी माहिती, तेव्हा त्यांना विचारूनच द्यावी.

माझं मत विचाराल तर पैसे आणि रजा आधी गावच्या कागदांवर खर्च करा. दत्तक गेलेलं माणूस, परदेशात गेलेली शाखा किंवा जळालेलं दप्तर असेल तरच डीएनए आधी. आजी हयात असेल तर मात्र नमुना तिचाच घ्या, नातवाचा नको: नातवात तिचा वाटा साधारण पाव उरतो. आणि नमुना घ्यायला बसलातच आहात, तर तिच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव तेवढं लिहून घ्या.