फॅमिलीसर्च : व्हर्जिनियातल्या आयरिश मूळपुरुषाचा माग काढताना

माझ्या लेकीचं सासर व्हर्जिनियातलं. व्याह्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले की मूळपुरुष आयर्लंडहून आला आणि शेननडोआ खोऱ्यात जमीन घेऊन राहिला. नातवासाठी दोन्ही घरांची वंशावळ लिहायची ठरवली आणि फॅमिलीसर्च हे वंशावळ शोधायचं संकेतस्थळ वापरायला घेतलं. आता कित्येक महिने ते माझ्या रोजच्या वापरात आहे. ते पूर्ण मोफत आहे, मॉर्मन चर्च चालवतं, आणि त्यांच्या मायक्रोफिल्मच्या सुमारे २४ लाख रिळांचं स्कॅनिंग २०२१ मध्ये पूर्ण झालं.

जहाजाच्या यादीत नाव सापडेल ही आशा आधीच सोडा. अमेरिकेत प्रवाशांच्या याद्या देणं जहाजांना सक्तीचं झालं ते १८२० पासून, आणि आमचा मूळपुरुष त्याच्या कितीतरी आधी आलेला. फिलाडेल्फियात १७२७ पासूनच्या याद्या आहेत, पण त्या जर्मनांच्या. त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. आयरिश लोक मुळातच ब्रिटिश राजाचे प्रजाजन, त्यांची नोंद कोण कशाला करणार? तिकडे आयर्लंडमध्येही फारसं काही हाती लागत नाही. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळाला आणि कित्येक शतकांचे कागद गेले.

म्हणून शोध अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि कोर्टाच्या कागदांतून करायचा, आणि इथे फॅमिलीसर्चचा ‘फुल-टेक्स्ट सर्च’ अक्षरशः सोनं आहे. संगणकाने हस्तलिखित खरेदीखतं, मृत्युपत्रं वाचून ठेवलेली आहेत. नाव टाकलं की ते कागदात जिथे कुठे आलं असेल ते पान उघडतं. पूर्वी फक्त खरेदीदार आणि विकणाऱ्याचं नाव सूचीत मिळायचं. आता शेजारच्या शेताची हद्द सांगताना आलेलं नाव, साक्षीदार म्हणून आलेलं नावसुद्धा सापडतं. जुन्या वळणात ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसतं, तेव्हा संगणक चुकतो, शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून पुन्हा शोधावं.

व्हर्जिनियाच्या बाबतीत एक प्रकारचा कागद मुद्दाम शोधा. १७४० च्या सुमारास ऑरेंज काउंटीच्या कोर्टात अनेक वसाहतकऱ्यांनी शपथेवर सांगितलं की आपण स्वखर्चाने, बायकामुलांसह आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. माणशी ५० एकर जमिनीचा हक्क मिळत असे, त्यासाठी ही शपथ. म्हणजे एकाच नोंदीत देश, बंदर आणि सगळं कुटुंब! व्याह्यांच्या मूळपुरुषाचं नाव बायको आणि मुलांसकट तिथे वाचलं तेव्हा मी व्याह्यांना लगेच फोन केला. ते बराच वेळ बोललेच नाहीत.

फॅमिलीसर्चवरच्या सामायिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून भरलेल्या, वंशवृक्षावर मात्र भिस्त ठेवू नये. तो कुणीही बदलू शकतो, आणि एकाच नावाचे दोन-तीन आयरिश शेजारी असणं तेव्हा नेहमीचं होतं. एका सशुल्क संकेतस्थळाने तर आमच्या माणसाला थेट एका सरदार घराण्याशी जोडून दिलं, पुरावा एका ओळीचाही नाही. काही स्कॅन घरून उघडत नाहीत. त्यासाठी फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा त्यांच्याशी जोडलेल्या वाचनालयात जावं लागतं.

अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या, बाजूसाठी बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराचं संकेतस्थळ बघा, तेही मोफत. १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी काही भागांपुरती तिथे शोधता येते. मूळ प्रत जळाली, नकला वाचल्या. खोऱ्यातले बहुतेक आयरिश हे अल्स्टरचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकीच एका पंथाचे, त्यामुळे ही यादी कामाची.

मूळ गाव अजून हाती लागलेलं नाही. व्याह्यांचं आडनाव त्या यादीत बऱ्याच ठिकाणी आहे. ही माणसं नात्यागोत्याने, एकाच चर्चच्या ओळखीने एकत्र यायची, म्हणून आता मूळपुरुषाच्या मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांची आणि हद्दीवरच्या शेजाऱ्यांची आडनावं एकेक करून त्या यादीत शोधतो आहे. ज्या परगण्यात ती सगळी एकत्र सापडतील, तिथून पुढचं काम सुरू करेन.