मॉर्मन शेजारीण: काही महिन्यांच्या वापरानंतर

युटामधल्या लीहायमध्ये नोकरीपायी येणारे आपले लोक घर बघताना शाळा विचारतात, बर्फ कोण उपसणार ते विचारतात, खिडकीतून टिंपानोगसचा डोंगर दिसतो का तेही बघतात. शेजारीण मात्र कुणी तपासून घेत नाही. ती घरासोबत येते आणि परत करायची सोय नसते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

आमच्या वाट्याला आली ती मॉर्मन, म्हणजे युटात जागोजागी भेटणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, आणि मॉडेल भरगच्च आहे. सहा मुलं, दारात बारा सीटर व्हॅन, तळघरात धान्याचं कोठार, शिवाय त्यांच्या वॉर्डातल्या, म्हणजे इथल्या चर्चमंडळीतल्या, लहान मुलांच्या वर्गांची प्रमुख. या कामाला पगार नाही. त्यांच्याकडे बिशपसुद्धा बिनपगारी असतो. आम्ही घरात तिला माउली म्हणतो. सुरुवातीला कौतुकाने म्हणायचो.

माउली पहाटे साडेचारला उठते. हे मला ठाऊक आहे, कारण कुठलाही विषय काढा, साडेचार त्यात येतातच. टोमॅटो छान आलेत म्हटलं तर "हो, साडेचारला पाणी घालते ना." आणि हे सगळं चहा-कॉफीशिवाय. १८३३ साली पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथला झालेल्या साक्षात्कारात दारू, तंबाखू आणि गरम पेयं नकोत असं आलं, म्हणून चहा-कॉफी वर्ज्य. मग गाडी चालते कशावर? डाएट कोकवर. त्यात नारळाचं सिरप, लिंबू, वर थोडं क्रीम, आणि पेला ४४ औंसांचा, म्हणजे सव्वा लिटरहून मोठा. इथे त्यासाठी खास ड्राइव्ह-थ्रू आहेत, सकाळी रांगा लागतात. त्या आज्ञेत कॅफीनचा उल्लेख नाही हे चर्चने २०१२ मध्ये सांगूनच टाकलंय, त्यामुळे बोट ठेवायला जागा नाही. माझ्या अर्ध्या कप आल्याच्या चहाकडे बघून "तू एक दिवस सोडशील, मला खात्री आहे" असं ती म्हणाली, तेव्हा तो पेला तिच्या दुसऱ्या हातात होता.

आवाजाची पातळी तशी कमी. ती कधी ओरडत नाही, शिवी देत नाही. फारच झालं तर "ओ माय हेक." त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. तिचं प्रत्येक टोचणारं वाक्य "मी कुणाला नावं ठेवत नाही हं" असं सुरू होतं. पलीकडची बाई रविवारी किराणा आणायला जाते, पण मी नावं ठेवत नाही. कोपऱ्यावरचे विकतचा ब्रेड खातात, पण प्रत्येकाचा प्रवास वेगळा. आणि आमच्याबद्दल तोंडावरच, "एकच मुलगा? अगं, मग तुला किती मोकळा वेळ मिळत असेल!" मी त्या वेळी ऑफिसचा कॉल म्यूट करून कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

मुलांचा तक्ता फ्रीजवर आहे. सहा रंग, उभे-आडवे चौकोन. पियानो, व्हायोलिन, गोठ्याएवढ्या गॅरेजची सफाई, शास्त्रवाचन. सोमवारची संध्याकाळ घरच्यांची, तेव्हा कुणी कुठे जायचं नाही. प्रार्थना, गाणं, धडा, मग खाऊ. थोरला अठराचा होतोय, तो दोन वर्षांसाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाणार, त्याचेही चौकोन आतापासून भरलेत. चौथ्या नंबरची मुलगी अधूनमधून आमच्या पायरीवर येऊन बसते आणि पार्ले-जी खाते. पाण्यात बुडवत नाही, दुधात नाही, नुसता कडेकडेने कुरतडत राहते. विचारलं, काय करतेस? म्हणाली, काही नाही. तक्त्यात याला रंग नाही, म्हणून ती आमच्याकडे येत असावी.

विक्रीनंतरची सेवा मात्र थक्क करणारी. मुलाचा हात मोडला त्या दिवशी प्लास्टर वाळायच्या आत ऑनलाइन यादी फिरली आणि आठवडाभराच्या रात्रीच्या जेवणाच्या पाळ्या लागल्या. पहिल्याच दिवशी फ्युनरल पोटॅटोजचा ट्रे. किसलेले बटाटे, चीज, सावर क्रीम, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स. आत चिकनचं सूप. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर दुसऱ्या सकाळी सुपाशिवायचा ट्रे हजर. किती वाजता केला ते वर चिठ्ठीत लिहिलेलं होतं.

रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली रीत, म्हणून मी ट्रेमधून चिवडा पाठवला. तासाभरात पावाची गरम लादी आली. मी बेसनाचे लाडू दिले. मग सहाही मुलं ओळीने, प्रत्येकाच्या हातात एकेक ताट, शेवटच्यात गाजर घातलेली हिरवी जेलो, म्हणजे जेली. जेलो हा युटाचा लाडका खाऊ आहे, २००१ मध्ये राज्याच्या सिनेटने तसा ठरावच केलाय. मी तिथे हत्यारं खाली ठेवली.

त्यानंतर तिने चर्चला बोलावलं, "नुसतं बसायला." महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी ते दोन वेळचं जेवण सोडतात, वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्याही आल्या. पाणीसुद्धा घेत नाहीत कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत आदर उतरला. आमच्याकडे एकादशी नि दुप्पट खाशी.

माउली उठली. आवाज कापरा, हातात टिश्यू. आमच्या गल्लीत भारतातली एक भगिनी आहे, म्हणाली, एकटी, परक्या देशात, लेकराचा हात मोडलेला, चूल पेटवायला मायेचं माणूस नाही, आणि त्या पहाटे मला आतून हाक आली. पहाट किती वाजताची, तेही सांगितलं. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मायेचं माणूस माझ्या शेजारी सुती साडीत बसलेलं होतं. आठवडाभर दोन्ही वेळची भाजी, आमटी, भात त्याच माणसाने केला होता आणि ते ट्रे फ्रीजरमध्ये रचून ठेवले होते.

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचं कौतुक चाललंय," मी म्हटलं.

त्यांनी माउलीला तिथूनच हात जोडले. माउलीने डोळे पुसले.

खरा उपयोग सांगायचा राहिला. तळघरात पांढऱ्या बादल्यांची भिंत आहे, प्रत्येकीवर तारीख. संकटकाळासाठी साठा ठेवावा ही त्यांच्या चर्चची जुनी शिकवण, आणि नीट हवाबंद केलेला गहू तीस वर्षंही टिकतो. कडेला विजेची घरघंटी. माउलीने एक बादली उघडली, सासूबाईंनी मूठभर गहू घेतला, एक दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. लोकवन नव्हे, पण जवळचा. पीठ गरमगरम डब्यात पडलं. त्या रात्रीच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी दुपारीही मऊ होत्या. इंडियन स्टोअरच्या आट्याला ते कधी जमलेलं नाही. बायकांची गट्टी अशी जमली की भाषेवाचून अडेना. दोघी एकमेकींना पीठ कसं मळायचं ते शिकवत होत्या, आणि दोघींपैकी एकही शिकत नव्हती.

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला दीड निव्वळ पिठाचा. एकच मूल असेल आणि सकाळी सातपर्यंत झोपायची सवय असेल तर विचार करून घ्या. भाडेकरार संपत आलाय, नवरा म्हणतो दुसरीकडे बघू. सासूबाईंचा फोनवर एकच प्रश्न होता, तिथे घरघंटी कुणाकडे आहे?