नवी पेठेतली अभ्यासिका : नोकरी सोडून पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी

जून २०२४ मध्ये मी नोकरी सोडली. लागून जेमतेम ११ महिने झाले होते. वाकडला एका बांधकामावर साईट इंजिनिअर होते, हातात महिना २४,००० यायचे. गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची आणि एम.टेक.ला जायचं, एवढं ठरवून राजीनामा दिला. पुढचे आठ महिने, जुलै ते फेब्रुवारी, पुण्याच्या नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत काढले. हे तिच्याबद्दल. काकांना, म्हणजे मालकांना, कुठे नाव आलेलं आवडत नाही, म्हणून नाव देत नाही. शास्त्री रोडच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन मजले. त्या भागात अभ्यासिका पायलीला पन्नास आहेत, त्यामुळे चार पाहून मगच ठरवा. मी सहा पाहिल्या होत्या.

दर आधी सांगते. साधा हॉल महिना १,१००, एसीचा १,६००, लॉकरचे १०० वेगळे, डिपॉझिट ५००. मी साध्या हॉलमध्ये बसले. पगार थांबलेला असताना महिन्याला ५०० जास्त जातात ते टोचतं, आणि उन्हाळा सोडला तर वरच्या मजल्यावर एसीची गरजही पडत नाही.

नोकरी वाईट होती म्हणून मी सोडली नाही. दुसऱ्या इमारतीच्या पायासाठी जमीन तपासायला बोअर घेत होते तेव्हा मी तिथे उभी असायचे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडायचा. नळी पहिले १५ सेंटिमीटर आत गेली की ते ठोके सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटिमीटरला किती लागले ते मोजायचे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. ठोके आठवरून एकदम पन्नासच्या वर जायचे आणि ते आकडे मी वहीत लिहायचे. या आकड्यांवरून पाईल, म्हणजे पायाचा जमिनीत उतरवायचा खांब, किती खोल न्यायची ते कसं ठरतं, असं विचारलं की उत्तर एकच, ‘कन्सल्टंटनं दिलंय, तेवढं करून घ्या मॅडम.’ बी.ई.ला हा विषय, जिओटेक्निकल, म्हणजे माती आणि पायाचं इंजिनिअरिंग, मी परीक्षेपुरता केला होता. आता तो नीट शिकावासा वाटत होता.

पण शिकायला बसता यावं लागतं. नोकरी करून आलेल्याची अडचण इथेच होते. दिवसभर उन्हात उभं राहायची, दर दहा मिनिटांनी फोन घ्यायची, सेंट्रिंगवाल्याशी वाद घालायची सवय अंगात मुरलेली. पहिले पंधरा दिवस मी वीस मिनिटांच्या वर खुर्चीत टिकले नाही. फोन वाजला नाही तरी हात खिशाकडे जायचा. काकांनी ते पाहिलं असणार. एका सकाळी म्हणाले, “फोन माझ्याकडे ठेव, जेवायला जाताना ने.” त्यांच्या टेबलाच्या खणात बऱ्याच जणांचे फोन असतात, प्रत्येकाला जागेच्या नंबराची चिठ्ठी लावलेली. घरून काही निरोप आला तर ते स्वतः वर येऊन खांद्याजवळ हळूच सांगतात. दिवाळीपर्यंत मी सलग तीन तास बसू लागले. मला इथे मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ती.

टेबल तीन फूट रुंद. एका बाजूला वही आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक उघडं राहतं, सिव्हिलच्या आकडेमोडीला एवढी जागा लागतेच. दोन्ही बाजूंना प्लायचे आडोसे. खुर्च्या साध्या आहेत, स्वतःची उशी न्या. ट्यूब प्रत्येकाच्या डोक्यावर नाही, दोन जागांत एक आहे, म्हणून भिंतीकडच्या रांगेत रात्री वहीवर सावली पडते.

वही ठेवून जागा अडवायचा प्रकार सगळीकडे चालतो. इथे नियम आहे की माणूस पाऊण तासापेक्षा जास्त बाहेर राहिला तर सामान उचलून काउंटरवर. काकांनी तो स्वतःच्या पुतण्यालाही लावलेला मी पाहिलाय.

दुसरी एक सोय मला दुसरीकडे कुठेच दिसली नव्हती. गेटला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसने एकेक आकडा दाबून वापरावा लागतो. हाताला ते वळण नसेल तर ३ तासांत ६५ प्रश्न उरकत नाहीत, आणि सिव्हिलला तर मोठमोठे आकडे येतात. माझ्याकडे होता तो लॅपटॉप कंपनीचा, तो परत केलेला. काउंटरमागे जुना कॉम्प्युटर होता, पावत्या बनवायचा. मी विचारल्यावर काकांनी संध्याकाळी सात ते आठ तो मला दिला. एक पैसा घेतला नाही. नोव्हेंबरपासून सराव परीक्षा मी त्यावरच दिल्या. आता तिथे गेटवाल्यांसाठी वेळांचा तक्ता लावलाय असं ऐकते.

वाय-फाय आहे, पण संध्याकाळी सहानंतर रडतं. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन, व्याख्यानं सकाळी लवकर येऊन डाउनलोड करून ठेवावीत. मी तेच करायचे.

आता तक्रारी. जिना एकच आहे आणि अरुंद आहे. वरच्या मजल्यावर साठ माणसं बसतात, तिथे हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. ऑगस्टमध्ये मी काकांशी यावर बोलले तेव्हा आग विझवायचं एकच नळकांडं होतं आणि त्यावरची तारीख उलटून गेली होती. महिन्याभरात दोन नवी आली, जिन्यातली कपाटं हलली. दुसरा जिना मात्र झालेला नाही. मुलींचं स्वच्छतागृह फक्त पहिल्या मजल्यावर आहे आणि सकाळी दहाच्या आधी तिथे पाणी असेलच असं नाही. गणपतीच्या आधी दीड महिना नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तो आवाज संध्याकाळी थेट वरपर्यंत येतो. त्यात काकांचा दोष नाही, पण त्या दिवसांत वाचनाची कामं पहाटे उरका आणि संध्याकाळी गणितं करा. गणितं करताना आवाज कमी जाणवतो.

पहिल्या दिवशी बाबा कराडहून सोबत आले होते. ते राजीनाम्यापासून माझ्याशी फारसं बोलत नव्हते. काकांना म्हणाले, “लागलेली नोकरी सोडलीय पोरीनं. इथं येऊन काय होणार?” काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाला की महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं, हे सगळं कागदावर लिहून दिलं. मी तेच दोन महिने सांगत होते. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मार्चमध्ये निकाल लागला. सध्या मी सुरतकलच्या एनआयटीत जिओटेक्निकलला आहे. मे महिन्यात लॉकरची किल्ली द्यायला गेले तेव्हा डिपॉझिटचे ५०० पाकिटात घालून तयार होते, वर माझा जागा नंबर लिहिलेला.

पाचपैकी चार देते, एक जिन्यासाठी कापलाय. जाणार असाल तर वरच्या मजल्यावर खिडकीकडची ३१ नंबरची जागा मागा. ट्यूब बरोब्बर डोक्यावर आहे आणि दुपारी ऊन येत नाही. मुलींनी रात्री उशिरापर्यंत बसायचं असेल तर काकांना आधी सांगून ठेवा, दहानंतर निघणाऱ्यांना ते स्वतः शास्त्री रोडपर्यंत सोडायला येतात.