टॅप चेंजर निवडताना : तेलातला की व्हॅक्यूमचा?

ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर देताना तोटे आणि किंमत यांवर बरीच चर्चा होते. ऑन-लोड टॅप चेंजरचा, म्हणजे भार चालू असतानाच वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, विषय मात्र 'सतरा टॅप, आरटीसीसी पॅनेलसह' (टॅप दुरून बदलण्याचे नियंत्रण पॅनेल) एवढ्या ओळीत आटोपतो. सोलापुरातील एका कापड कारखान्याच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात मी त्याचे दोन्ही प्रकार, टॅप बदलतानाचा आर्क (विजेची ठिणगी) तेलात विझवणारा आणि निर्वात बॉटलमध्ये विझवणारा, सांभाळले आहेत.

आधी रेटिंग. १० एमव्हीए, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या ३३ केव्ही वाइंडिंगमधून सामान्य टॅपवर फेजमागे सुमारे १०१ अँपिअर वाहतात. मात्र वजा १५ टक्क्यांच्या टॅपवर, पूर्ण भार घेतल्यास, तेच ११९ होतात. करंट तिथला धरावा. सव्वा टक्क्याच्या टप्प्याला स्टेप व्होल्टेज, म्हणजे शेजारच्या दोन टॅपमधला फरक, ४१२ व्होल्ट येते, आणि करंट वाढला की टॅप चेंजरला झेपणारे स्टेप व्होल्टेज कमी होते, म्हणून हे दोन्ही आकडे उत्पादकाच्या आलेखावर एकत्रच तपासावेत.

तेलातल्या प्रकाराची जमेची बाजू मोठी आहे. तो स्वस्त आहे, त्याचे संपर्क डोळ्यांनी तपासता येतात आणि तो उघडून बसवणारे अनुभवी हात आपल्याकडे सहज मिळतात. व्हॅक्यूम बॉटलची आतली स्थिती बाहेरून दिसत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही माझे मत फिरले ते ॲसिटिलीनमुळे, म्हणजे तेलात आर्क झाला की तयार होणाऱ्या वायूमुळे. एका वर्षी एप्रिलमध्ये मुख्य टाकीच्या तेलाच्या डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणी) अहवालात ॲसिटिलीन निघाले. आत आर्किंग होत असावे या शंकेने आम्ही भार कमी केला, दर आठवड्याला नमुने पाठवले आणि ऐन उन्हाळ्यात शटडाउन मागितला. ॲसिटिलीनचे हायड्रोजनशी गुणोत्तर तीनच्या वर गेल्याने संशय टॅप चेंजरकडे वळला, आणि त्यातला डायव्हर्टर (भार एका टॅपवरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) बाहेर काढला तेव्हा त्याच्या कप्प्याच्या तळाचा सील झिरपत असल्याचे आढळले. ते तेल इतके काळे होते की पुसायला घेतलेले पांढरे सूत पहिल्याच हातात काजळीने माखले. वाइंडिंग निर्दोष होते. आमचे तीन आठवडे मात्र गेले. व्हॅक्यूमच्या प्रकारात भार तोडणारा आर्क बंद बॉटलमध्येच विझतो, त्यामुळे कप्प्याचे तेल काळवंडत नाही आणि सील झिरपला तरी मुख्य टाकीचा अहवाल असा गढूळ होण्याची शक्यता फारच कमी राहते.

निर्णयापूर्वी जुन्या ट्रान्सफॉर्मरचा काउंटर वाचावा. दिवसाला तीन-चारच टॅप बदलत असतील, तर जादा पैसे वसूल होतील असे मी ठामपणे म्हणणार नाही. आमच्याकडे मात्र ते तीसच्या आसपास, म्हणजे वर्षाला अकरा हजारांच्या घरात जातात. तेलातल्याची देखभाल साधारण पन्नास हजार बदलांनंतर येते, म्हणजे साडेचार वर्षांत. व्हॅक्यूमच्या काही प्रकारांना उत्पादक तीन लाखांपर्यंत मुभा देतात. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी मी व्हॅक्यूमचाच मागवला, आणि त्याच्या मुख्य टाकीच्या एकाही अहवालात अजून ॲसिटिलीन आलेले नाही.